शेजाऱ्याचा हप्ता आला, माझा का नाही? पीएम किसान, नमो शेतकरी आणि इतर अनुदानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे अडले की माणूस आधी बँकेत जातो, बँक कृषी कार्यालयात पाठवते, कृषी कार्यालय तहसीलला पाठवते आणि तहसीलवाले म्हणतात, तलाठ्याला भेटा. यात टोलवाटोलवी असतेच, पण मूळ कारण वेगळे आहे. हे पैसे तीन वेगवेगळ्या खात्यांच्या तीन नोंदींवर चालतात. जमिनीची नोंद महसूलकडे, लाभार्थी म्हणून नोंद कृषीकडे आणि आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ती नोंद बँकेकडे. तिन्हींपैकी एक जरी जुळली नाही तरी हप्ता थांबतो आणि ज्याची नोंद चुकली आहे तोच ती दुरुस्त करू शकतो. खालची उत्तरे वाचताना ही तीन दारे लक्षात ठेवा.

वर्षाला नेमके किती मिळतात? आणि कधी?

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. त्यावर राज्य सरकारच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००, तेही २,००० च्या तीन हप्त्यांत. दोन्ही मिळून १२,०००. जमीन अर्धा एकर असो की वीस एकर, रक्कम तीच. सुरुवातीला २ हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच काढली गेली.

पीएम किसानचे कालखंड ठरलेले आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. कालखंड ठरलेला असला तरी तारीख ठरलेली नसते. विसावा हप्ता एप्रिल-जुलै २०२५ चा होता, तो पडला २ ऑगस्टला. पेरणीचा हिशेब हप्त्याच्या भरवशावर करू नये तो यासाठीच.

नमो शेतकरीचा अर्ज कुठे करायचा?

कुठेच नाही. वेगळा अर्ज नाही, वेगळी कागदपत्रे नाहीत. पीएम किसानची पात्र लाभार्थ्यांची यादी राज्याकडे येते आणि त्यावरून नमोचा हप्ता निघतो. कोणी 'नमोचा फॉर्म भरून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर उठून या.

नमोचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीहून वितरित झाला. तेव्हापासून तो बहुधा पीएम किसानच्या मागून येतो, कधी काही दिवसांनी, कधी बऱ्याच आठवड्यांनी. म्हणून पीएम किसान आला आणि नमो आला नाही, तर आधी गावातल्या दोन-चार जणांना विचारा. कोणाचाच आला नसेल तर वाट पाहायची. फक्त तुमचाच अडला असेल तर नमोच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून कारण बघायचे.

माझ्या हप्त्याची स्थिती घरबसल्या कशी बघू?

पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' हे बटण आहे. तिथे नोंदणी क्रमांक लागतो. तो आठवत नसेल तर त्याच पानावर 'नो युवर रजिस्ट्रेशन नंबर' वर आधार किंवा मोबाइल क्रमांक टाकून मिळतो. मोबाइलवर ओटीपी आला की पान उघडते.

बहुतेक जण खाली उतरून हप्त्यांची यादी बघतात आणि 'नाही आला' म्हणून फोन खाली ठेवतात. खरे कारण पात्रतेच्या चौकटीत लिहिलेले असते. तिथे तीन ओळी बघा: ई-केवायसी (तुमची ओळख ऑनलाइन पटवणे), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणे) आणि आधार-बँक खाते सीडिंग (बँक खाते आधारला जोडणे). तिन्हींपुढे 'येस' हवे. एखाद्या ओळीपुढे 'नो' असेल तर तोच तुमचा प्रश्न, बाकी काही शोधत बसू नका. लँड सीडिंग अडले तर महसूल, सीडिंग बँकेचे अडले तर बँक, आणि ई-केवायसी अडली तर ती तुम्ही स्वतःच करायची आहे.

तिन्ही 'येस' असूनही पैसे नसतील तर हप्त्यापुढची नोंद वाचा. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्याने तुमच्या नावाने निधीची मागणी सही करून पाठवली आहे. 'एफटीओ जनरेटेड' म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघाला, बँकेकडून पोच यायची आहे. या दोन्ही वेळी कार्यालयात जाऊन काही होत नाही, थोडे थांबा. मात्र व्यवहार अयशस्वी झाल्याची नोंद असेल तर बँकेत जा. त्यामागे बहुतेकदा खाते बंद, निष्क्रिय किंवा आधारशी न जुळलेले असते.

ई-केवायसी करायचे किती मार्ग आहेत? माझे बोटांचे ठसे उमटत नाहीत.

तीन मार्ग. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर संकेतस्थळावर ओटीपीने, फुकट. सीएससी म्हणजे सामाईक सुविधा केंद्रावर अंगठ्याने, त्याचे १५ रुपये. आणि पीएम किसानच्या मोबाइल ॲपमधून चेहरा दाखवून, ही सोय २०२३ पासून आहे.

आयुष्यभर खुरपणी-कापणी केलेल्या हातांच्या रेषा झिजतात. मशिन मग 'जुळत नाही' म्हणते. अशा वेळी हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून दुसरे बोट लावून बघा. दोन-तीन वेळा फसले तर चेहऱ्याची पद्धत वापरा. त्यासाठी उजेडात उभे राहा, गॉगल आणि टोपी काढा आणि ॲप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करा. हा फोन तुमचाच असला पाहिजे असे नाही, मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरूनही होते.

मोबाइल क्रमांक बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो नोंदवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून या बदलाचे ७५ रुपये आहेत. त्याची पावती जपून ठेवा.

'लँड सीडिंग – नो' दिसतेय. सातबारा तर माझ्याच नावावर आहे!

तुमच्या नावावर आहे हे खरे, पण तो सातबारा तुमच्या नोंदणीशी जोडलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ. कारणे साधारण हीच असतात.

नोंदणी करताना सेतूवाल्याने गट क्रमांक चुकीचा टाकला, किंवा गटाऐवजी खाते क्रमांक टाकला. सातबाऱ्याचे विभाजन झाले आणि जुन्या १२५ चे १२५/१ व १२५/२ झाले, नोंदणीत मात्र १२५ च राहिला. सातबाऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. लग्नाआधीच्या नावाने जमीन आणि सासरच्या नावाने आधार. किंवा जमीन दुसऱ्या तालुक्यात, नोंदणी राहत्या गावी.

ताजा सातबारा, ८अ (त्या गावातल्या तुमच्या सगळ्या जमिनीचा उतारा), आधारची प्रत आणि स्थितीच्या पानाची प्रिंट घेऊन जमिनीच्या गावाच्या तलाठ्याला भेटा (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात तलाठीच म्हणतात). डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. अर्ज तहसीलदारांच्या नावाने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजा.

नावातला फरक लिहिण्याच्या चुकीमुळे झाला असेल, म्हणजे जुन्या फेरफारात बरोबर आणि सातबाऱ्यावर चूक, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्ती करतात. मूळ फेरफारातच 'बाळू' असेल तर मात्र आधारवरचे नाव बदलून घेणे अनेकदा सोपे पडते. पण हे ठरवण्याआधी बँक पासबुकावर काय नाव आहे ते बघा. नाहीतर इकडचे जुळवताना तिकडचे तुटते.

बँक म्हणते आधार लिंक आहे. मग सीडिंग 'नो' का?

सगळ्यात जास्त खेपा या एका गोष्टीपायी होतात, म्हणून सविस्तर.

बँकेत आधार देण्याची दोन वेगळी कामे आहेत. एक, ओळखीसाठी आधारची प्रत देणे, म्हणजे खात्याची केवायसी. काउंटरवरचा माणूस स्क्रीन बघून 'लिंक आहे' म्हणतो तेव्हा बहुधा तो हेच सांगत असतो. दुसरे, सरकारी पैसे या खात्यात यावेत यासाठी एनपीसीआय या संस्थेच्या मॅपरवर, म्हणजे कोणते आधार कोणत्या बँकेला जोडले आहे त्या यादीवर, तुमच्या आधारपुढे त्या बँकेचे नाव चढवणे. अनुदानाला हे दुसरे लागते.

मॅपरवर एका आधारपुढे एकाच बँकेचे नाव असते. तुम्ही शेवटी ज्या बँकेत आधार सीडिंगची संमती दिली तीच तिथे राहते, आधीची पुसली जाते. कोणी घरी येऊन पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले, पोराने फोनवर एखादे झिरो बॅलन्स खाते काढून दिले, त्या वेळी संमतीच्या चौकटीत टिचकी पडली की अनुदान तिकडे वळते. पैसे परत गेलेले नसतात, ते तुम्ही विसरलेल्या खात्यात पडून असतात.

आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचे नाव, स्थिती चालू की बंद आणि जोडल्याची तारीख दिसते. वेगळीच बँक दिसली तर आधी तिथे जाऊन पासबुक छापून घ्या. मग हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. अर्जावर 'अनुदान मिळण्यासाठी एनपीसीआय मॅपिंग' असे स्पष्ट शब्द लिहा आणि आधीच्या बँकेचे नाव भरा. ते कोरे ठेवले तर बदल अडू शकतो. हीच सोय एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही आहे, पण तुमची बँक त्यात सामील असली पाहिजे. काही दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा, बँकेच्या तोंडी 'झाले' वर विसंबू नका.

बँकेत खेटे घालून थकलेल्यांसाठी एक सोपा उपाय: गावच्या पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडा. अंगठ्यावर उघडते आणि आधार जोडणी तिथेच होते.

सीडिंग बरोबर आहे, तरी व्यवहार फेल गेला.

तीन गोष्टी तपासा. दोन वर्षे खात्यात तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर खाते निष्क्रिय होते. केवायसीची कागदे देऊन चालू करून घ्या. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या 'लहान खात्या'ला मर्यादा असते: एका वेळी ५०,००० च्या वर शिल्लक नाही आणि वर्षात १ लाखाच्या वर जमा नाही. कापूस किंवा सोयाबीनची पट्टी त्याच खात्यात आली की मर्यादा भरते आणि त्यानंतर आलेले २,००० परत जाऊ शकतात. पूर्ण केवायसी केली की मर्यादा जाते.

तिसरी शंका बँकांच्या विलीनीकरणाची असते. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली, तेव्हापासून अनेक जण आयएफएससी बदलला म्हणून घाबरतात. आधारवरून येणाऱ्या पैशाला खाते क्रमांक आणि आयएफएससी लागतच नाही, तो मॅपरवरच्या बँकेत जातो. तिथे काय दिसते एवढेच बघा.

नवीन नोंदणी करायची आहे. १ फेब्रुवारी २०१९ ची काय भानगड आहे?

त्या तारखेला जमीन ज्याच्या नावावर होती तो पात्र. त्यानंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा वाटणीने नाव लागले असेल तर नोंदणी नामंजूर होते. सुटलेला एकच दरवाजा म्हणजे वारसा. धारकाच्या मृत्यूनंतर वारस म्हणून नाव लागले असेल तर तारखेची अट आड येत नाही.

बापाने २०१९ ला नोंदणी केली आणि दोन वर्षांनी मुलांना हयातीतच वाटणी करून दिली, असे गावोगाव झाले आहे. अशा वेळी मुलांना मिळत नाही आणि बापाच्या नावावर जमीन उरली नसेल तर बापाचाही जातो. वाटणीला बसण्याआधी हे माहीत असलेले बरे.

कागदपत्रे: सातबारा, ८अ, त्या तारखेआधीचा फेरफार, पती-पत्नी आणि मुलांचे आधार, शिधापत्रिका, शेतकरी ओळख क्रमांक. वारसाचे प्रकरण असेल तर दोन फेरफार जोडा: मृताच्या नावावर जमीन आली तो जुना आणि वारसांची नावे लागली तो नवा. फक्त नवा जोडला की तारीख २०१९ नंतरची दिसते आणि अर्ज फेटाळला जातो. वारसांचे अर्ज यातच सर्वाधिक मार खातात. स्वतः ऑनलाइन भरा किंवा सीएससीवर. मंजुरी तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून पुढे सरकते, म्हणून अर्ज भरल्यावर एक प्रत तिथेही द्या.

वडील वारले. त्यांचा हप्ता अजून येतोय. चालू ठेवला तर चालेल?

नाही. मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते वसूल होतात. मृत्यूचा दाखला जोडून कृषी कार्यालयात कळवा, जुनी नोंदणी बंद होईल, मग वारसांनी आपापली नोंदणी करायची.

त्यासाठी आधी वारस नोंद. तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र. नोंद धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. 'जिवंत सातबारा' मोहिमेत २०२५ मध्ये अशा अनेक जुन्या नोंदी लागल्या. तुमच्या आजोबांचे नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर आजच अर्ज द्या, कारण प्रत्येक पिढी गेली की वारसांची यादी लांबते आणि सह्या गोळा करणे अवघड होते.

सामाईक सातबारा आहे, चार भावांची नावे आहेत. कोणाला मिळते?

चौघांनाही. चारही कुटुंबे वेगळी धरली जातात आणि प्रत्येकाला पूर्ण ६,०००. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. सज्ञान मुलगा त्यात येत नाही, पण त्याचे स्वतःचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर त्याला मिळतही नाही.

सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' शेरा असेल तर गोष्ट वेगळी. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचेच नाव, बाकी भाऊ कागदावर नाहीतच. शेत चौघे कसतात, हप्ता एकाला. शेरा कमी करून सगळ्यांची नावे लावण्यासाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो.

नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगवेगळी जमीन आहे. दोघांनाही येत होते, आता एकाचे थांबले.

बरोबरच थांबले. कुटुंबात एकालाच लाभ. लक्ष्मी मुक्ती योजनेत पत्नीचे नाव सातबाऱ्याला लागले असले तरी दुप्पट होत नाही. २०२५ मध्ये अशी प्रकरणे आणि २०१९ नंतर जमीन घेतलेल्यांची प्रकरणे शोधून हप्ते थांबवले गेले, प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत. चुकून अडकले असाल, उदाहरणार्थ विधवा आई आणि सज्ञान मुलगा एका शिधापत्रिकेवर असल्याने एक कुटुंब धरले गेले, तर शिधापत्रिका, आधार आणि सातबारा घेऊन कृषी कार्यालयात पडताळणी करून घ्या.

कोणाला अजिबात मिळत नाही?

कुटुंबातला एक जरी सदस्य पुढच्या यादीत असला तरी सगळे कुटुंब बाद: आजी-माजी मंत्री, खासदार, आमदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, केंद्र-राज्य सरकार आणि स्थानिक संस्थांचे सेवेतले व निवृत्त कर्मचारी, पण शिपाई वगैरे चतुर्थ श्रेणी वगळून, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, त्यातही चतुर्थ श्रेणी वगळून, नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंता, सीए, वास्तुविशारद, आणि मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेले.

शेवटच्या मुद्द्यावर गोंधळ फार. कर्जासाठी रिटर्न भरले पण कर शून्य निघाला, तर 'आयकर भरला' असे होत नाही. नाव चुकून बाद झाले असेल तर त्या वर्षाच्या रिटर्नची पोच घेऊन कृषी कार्यालयात दाखवा.

खंडाने किंवा बटईने शेती करतो.

सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव नसेल तर पीएम किसान मिळत नाही. हप्ता मालकाला, घाम कसणाऱ्याचा. योजनेतली ही सर्वात मोठी उणीव आहे, पण नियम तसा आहे खरा. वन हक्क कायद्याखाली पट्टा मिळालेले शेतकरी मात्र पात्र आहेत.

तीन हप्ते अडले होते. दुरुस्तीनंतर मागचे मिळतील?

ई-केवायसी, जमीन किंवा बँक जोडणीमुळे अडलेले असतील आणि तुम्ही त्या काळात पात्र होता, तर पीएम किसानचे थकलेले हप्ते अट पूर्ण झाल्यावर मिळतात. ते एकदम येतीलच असे नाही. नोंदणीच्या आधीच्या काळाचे मात्र मिळत नाहीत.

वसुलीची नोटीस आली आहे.

आधी कारण वाचा. आयकर, मृत्यू, दुहेरी लाभ असे असेल आणि ते खरे असेल तर पैसे परत करा. पीएम किसानच्या संकेतस्थळावर परतफेडीचा पर्याय आहे, पावती कायम जपा. कारण चुकीचे असेल तर मुदतीत लेखी खुलासा द्या. गप्प बसणे सर्वात महाग, कारण थकबाकी म्हणून सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. आता पात्र नाही हे माहीत असेल तर त्याच संकेतस्थळावर लाभ स्वेच्छेने सोडता येतो.

शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर काय अडते?

जवळजवळ सगळे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना तो लागतो. ॲग्रिस्टॅक या सरकारच्या शेतकरी नोंदणी प्रणालीवर नोंदणी केली की ११ अंकी क्रमांक मिळतो. सामाईक खात्यातल्या प्रत्येकाने स्वतःचा वेगळा काढायचा.

चुकते ते इथे: केंद्रावर गर्दी असते, ऑपरेटर समोर दिसलेला एक गट जोडून मोकळा होतो. दुसऱ्या गावचे गट राहून जातात आणि पुढे त्या गटावरचे ठिबक किंवा नुकसानीची मदत अडते. ८अ चे सगळे उतारे सोबत न्या आणि अर्ज पाठवण्याआधी स्क्रीनवरचे गट स्वतः मोजा. आधारवर नाव इंग्रजीत आणि सातबाऱ्यावर मराठीत असल्याने जुळणी कमी दाखवते, मग अर्ज तलाठ्याच्या मंजुरीला जातो. तो तिथे पडून राहिला तर नोंदणी क्रमांक घेऊन भेटा.

ठिबकला ८० टक्के अनुदान म्हणतात, हातात कमीच पडते. का?

अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे २ हेक्टरपर्यंत, केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याचे पूरक २५ मिळून ८० टक्के. इतरांना ४५ अधिक ३०, म्हणजे ७५. मर्यादा ५ हेक्टर. पण टक्के तुमच्या बिलावर नसतात, शासनाने लॅटरलच्या (ठिबकच्या नळ्यांच्या) अंतरानुसार ठरवलेल्या मापदंड खर्चावर असतात. समजा मापदंड १ लाखाचा आणि बिल १ लाख २० हजारांचे, तर ८० टक्के म्हणजे ८०,००० च. वरचे ४०,००० तुमचे. विक्रेत्याने 'सगळे सबसिडीत बसते' म्हटले तर मापदंडाचा आकडा आधी विचारा.

क्रम असा: महाडीबीटी या राज्याच्या अनुदान संकेतस्थळावर अर्ज, शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघत असे, २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी संधी. निवडीचा एसएमएस आला की मुदतीत कागदपत्रे चढवा. मग पूर्वसंमती. ती हातात आल्यावरच खरेदी, नोंदणीकृत विक्रेत्याकडून, पैसे बँकेतून. त्यानंतर जीएसटीचे देयक चढवायचे, मोका तपासणी (शेतात येऊन पाहणी) होते, जागेसह फोटो निघतो आणि अनुदान आधार जोडलेल्या खात्यात पडते.

फसते ते बहुतेक पूर्वसंमतीपाशी. लावणीचा हंगाम निघून जातो म्हणून माणूस आधीच साहित्य आणतो, देयकाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघते आणि प्रकरण संपते. त्यावर कोणाची ओळख चालत नाही, प्रणालीच ते घेत नाही. रोखीने पैसे दिल्यावरही तीच गत. त्याच क्षेत्रावर पुन्हा ठिबक घ्यायला ७ वर्षे थांबावे लागते, म्हणून गट क्रमांक विचारपूर्वक टाका.

अतिवृष्टीचे अनुदान याच यंत्रणेतून येते का?

पैसे आधारवरूनच येतात, पण यादी वेगळी. पंचनाम्यात नुकसान ३३ टक्के किंवा जास्त निघाले की मदत मिळते. केंद्राच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, कमाल २ हेक्टर. २०२५ च्या खरिपातील नुकसानीसाठी राज्याने मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीला हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर केले. पुढच्या वर्षी काय असेल ते त्या वर्षीच्या शासन निर्णयावर ठरते. घोषणा ऐकून हिशेब मांडू नका.

यादीत नाव लागले की विशिष्ट क्रमांक मिळतो. तो तलाठ्याकडून घेऊन आपले सरकार केंद्रावर ई-केवायसी करायची. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना २०२५ मध्ये त्यातून सूट दिली गेली. सामाईक खात्यात इतरांचे संमतीपत्र लागते आणि भावाभावांत बोलणे बंद असेल तर मदत तिथेच कुजते. ई-पीक पाहणी (उभ्या पिकाची ॲपवरून नोंद) केली नसेल तर नेमके कोणते पीक उभे होते यावरून वाद होतो, म्हणून ती पेरणीनंतर लगेच उरकून टाका.

बँकेने मदतीचे पैसे पीककर्जात वळते केले.

आपत्तीच्या मदतीच्या शासन निर्णयांत बहुधा स्पष्ट कलम असते की ही रक्कम कर्ज वा अन्य वसुलीसाठी वळती करू नये. त्या निर्णयाची प्रत काढा, ते कलम अधोरेखित करा आणि शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. एक प्रत तहसीलदारांना. तोंडी भांडून उपयोग होत नाही, कागद दाखवला की बहुतेक ठिकाणी रक्कम मोकळी होते.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली आहे.

उघडू नका. एपीके म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, सरकार ती पाठवत नाही. ती टाकली की फोनवरचे ओटीपी चोराला दिसू लागतात. टाकली असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा.

तक्रार कुठे करू?

पीएम किसानची मदतवाहिनी १५५२६१, निःशुल्क क्रमांक १८००११५५२६. संकेतस्थळावर 'किसान ई-मित्र' मराठीतही उत्तर देतो, स्थिती सांगण्यापुरता तो बरा आहे. दुरुस्तीची कामे मात्र तालुक्यालाच होतात. जाताना नोंदणी क्रमांक, स्थितीच्या पानाची ताजी प्रिंट, आधार, ताजा सातबारा, ८अ, बँक सीडिंगच्या पानाची प्रिंट आणि आधीच्या अर्जांच्या पोच एका प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. हप्ता पडला की पुढचे चार दिवस कार्यालयांत रीघ असते, त्यानंतर गेलेले बरे.